पोरगा गॅरेजात जातो म्हणतो, जाऊ द्यावं का?

प्रश्न : नमस्कार सर. आम्ही गोव्यात वाळपईजवळच्या एका गावात राहतो. धाकटा मुलगा यंदा दहावी पास झाला, ५७ टक्के मिळाले. त्याला आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक करायचं आहे, दुसरं काही ऐकूनच घेत नाही. सुट्टीत बाजारातल्या एका गॅरेजात जाऊन बसायचा. तिथले मेस्त्री म्हणतात, आयटीआयत दोन वर्षं कशाला घालवतोस, उद्यापासून माझ्याकडे ये, काम शिकवतो आणि खर्चाला पैसेही देतो. माझ्या यजमानांचा खाणीवर ट्रक होता. खाण बंद पडली, ट्रक विकावा लागला, हप्ते फेडताना नाकी नऊ आले. ते म्हणतात, गाड्यांनी आपलं काय भलं केलं? अकरावी कॉमर्स कर आणि पुढे सरकारी नोकरीचं बघ. भावोजी सांगतात, आता विजेच्या गाड्या येणार, मेकॅनिकला कोण विचारणार? मुलगा मंद नाही, पण पुस्तक घेऊन बसणं त्याला जमत नाही. मला यातलं काहीच कळत नाही. काय करावं?
एक आई, सत्तरी

उत्तर : ताई, नमस्कार.

माझं मत आधी सांगून टाकतो, कारणं मागाहून. मुलाला आयटीआयला घाला. ट्रेड, म्हणजे तिथला अभ्यासक्रम, घ्यायचा तो दोन वर्षांचा मेकॅनिक मोटर व्हेइकल. आणि तिथून पास झाल्यावर स्वतःचं गॅरेज थाटायची किंवा मिळेल त्या नोकरीला चिकटायची घाई करू देऊ नका. एक वर्ष रीतसर अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत कराराने उमेदवारी, करायला लावा. हे तिसरं वर्षच बहुतेक मुलं टाळतात आणि पुढे दहा वर्षं हेल्परच राहतात. आयटीआयच्या वर्कशॉपात पोरांना शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे हे जरा ठासून सांगतोय.

आता यजमानांचं. त्यांना कुणी खोटं पाडू नका. २०१२ साली खाणी थांबल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा सत्तरी, डिचोली, सांगे या भागांत काय झालं ते ज्याने हप्ते भरले त्यालाच ठाऊक. पण एक फरक त्यांच्याशी शांतपणे बोलून बघा. त्यांचं भांडवल ट्रकमध्ये अडकलं होतं आणि ट्रकला कामच एक होतं. मेकॅनिकचं भांडवल त्याच्या हातात आणि डोक्यात असतं. मालवाहू ट्रक थांबला तर तोच माणूस बसवर, जेसीबीवर, ट्रॉलरच्या इंजिनावर काम करू शकतो. फक्त एकच प्रकारची गाडी येणारा मेकॅनिक मात्र त्यांच्याइतकाच अडकतो, आणि माझा पुढचा सगळा सल्ला तेवढं टाळण्यासाठी आहे.

मेस्त्रींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. गॅरेजात हात वळतो तसा आयटीआयत वळत नाही. गंजलेला नट न तोडता कसा सोडवायचा, क्लचप्लेट बदलताना गिअरबॉक्स एकट्याने कसा तोलायचा, हे जुन्या मेस्त्रीपाशीच शिकावं. पण आजच्या गाडीत बिघाड कुठे आहे हे शोधणं ही वेगळी विद्या आहे, आणि ती बाजारातल्या गॅरेजात क्वचितच शिकवली जाते. एक उदाहरण जरा सविस्तर देतो, म्हणजे तुम्हाला आणि मुलालाही अंदाज येईल.

समजा एक गाडी आली. मालक सांगतो, चार-पाच दिवस उभी राहिली की स्टार्टच होत नाही, बॅटरी उतरते. सोपा मार्ग कोणता? बॅटरी बदला. मालकाचे चार-पाच हजार जातात, आठवड्याने गाडी पुन्हा तशीच. मग अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा पार्ट, बदला. पुन्हा तेच. शिकलेला टेक्निशियन काय करतो? आधी बॅटरी आणि चार्जिंग तपासून घेतो. ते ठीक असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवतो आणि वायर व बॅटरी यांच्यामध्ये मल्टिमीटर लावतो, म्हणजे गाडी बंद असताना किती करंट खाते ते दिसतं. त्याआधी त्याने दार उघडून कुलपाची जीभ स्क्रू-ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलून ठेवलेली असते. दार उघडं असलं तरी गाडीला ते बंदच वाटतं आणि आतल्या फ्यूजबॉक्सपर्यंत हात जातो. चावी लांब ठेवायची, आणि अर्धा तास थांबायचं. हो, नुसतं थांबायचं, कारण गाडीतले छोटे कॉम्प्युटर एकेक करून झोपी जायला तेवढा वेळ लागतो. घाईचा माणूस पहिल्या पाच मिनिटांतला आकडा बघतो आणि भलत्याच गोष्टीच्या मागे लागतो. सगळं शांत झालं की बहुतेक गाड्यांत आकडा ५० मिलिअँपियरच्या आत यायला हवा. इथे तो ३०० दाखवतोय. मग एकेक फ्यूज काढत जायचं. एका फ्यूजला आकडा धपकन खाली येतो. त्या फ्यूजवर काय काय चालतं ते वायरिंगच्या नकाशात बघायचं, आणि मग कळतं की डिकीतल्या दिव्याच्या स्विचमध्ये पावसाचं पाणी जाऊन तो आतल्या आत चालूच राहतोय. शंभर-दोनशे रुपयांचा स्विच.

या सगळ्यात ताकदीचं काम शून्य. लागतं ते ओहमचा नियम, नकाशा वाचण्याची सवय आणि अर्धा तास थांबायचा धीर. तुम्ही लिहिता, मुलाला पुस्तक घेऊन बसवत नाही. अशी खूप मुलं मी पाहिली आहेत. शाळेत विजेचा धडा त्यांना नकोसा होतो आणि मल्टिमीटर हातात आला की तोच धडा दोन दिवसांत पाठ होतो. पण वाचायचं अजिबात नको असं म्हणून या धंद्यात येणार असेल तर त्याला आत्ताच सांगा, सर्व्हिस मॅन्युअल रोज वाचावं लागतं, आणि ते इंग्रजीत असतं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ या प्रदूषणाच्या कडक निकषांत बसणाऱ्या नव्या गाड्याच विकल्या जातात. इंजिनाला हवा किती, इंधन किती, धुरात ऑक्सिजन किती हे सगळं सेन्सर मोजतात. बिघाड झाला की स्कॅनर लावतात आणि तो एक कोड दाखवतो. उदाहरणार्थ पी-०१७१, म्हणजे मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय. एवढंच. आता हे हवेच्या पाइपला चीर पडल्यामुळे, फ्यूएल पंप दमल्यामुळे, की सेन्सर खोटं बोलत असल्यामुळे, ते स्कॅनर सांगत नाही. कोड बघून सेन्सर बदलणाऱ्यांची गोव्यात कमी नाही. पाइपची चीर शोधणारे मोजकेच आहेत, आणि पुढे पगार त्यांचाच वाढतो.

गोव्याची हवासुद्धा अशाच माणसाला काम देते. किनाऱ्याकडच्या गाड्यांत खारी हवा अर्थिंगच्या जोडापाशी आणि कनेक्टरच्या पिनांवर हिरवट-पांढरा थर चढवते, आणि मग हेडलाइट मंद, काटा उगाच नाचतो, एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा पेटतो अशा चमत्कारिक तक्रारी सुरू होतात. पार्ट कुठलाच खराब नसतो. जोड घासून साफ करायचा असतो, फक्त कुठला ते कळायला हवं.

आयटीआयबद्दल. गोव्यात बहुतेक तालुक्यांत सरकारी आयटीआय आहे. तुम्हाला होंडा जवळ (गाडी नव्हे, आपलं सत्तरीतलं गाव), नाहीतर डिचोली. प्रत्येक ठिकाणी प्रत्येक ट्रेड नसतो, म्हणून यंदाचं माहितीपत्रक आधी बघा. मेकॅनिक डिझेल आणि दुचाकी-तीनचाकीचा ट्रेड एकेका वर्षाचा आहे. लवकर सुटका होते म्हणून मुलं तिकडे वळतात. ते ट्रेड वाईट नाहीत, पण दोन वर्षांचा ट्रेड केला तर पुढे पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मागता येतो, आणि ते दार तुम्ही आत्ताच बंद करू नये असं मला वाटतं. इलेक्ट्रिक व्हेइकल मेकॅनिक असाही दोन वर्षांचा ट्रेड आता अभ्यासक्रमात आला आहे. जवळपास असेल आणि मुलाला ओढ असेल तर हरकत नाही, पण दोन्हींतून निवडायचं झालं तर आज तरी मी मोटर व्हेइकलच सांगेन. रस्त्यावरच्या जुन्या गाड्या अजून खूप वर्षं दुरुस्तीला येणार आहेत.

आयटीआयत सगळं छान असतं असं नाही. स्टँडवरची इंजिनं जुनी असतात, एका इंजिनाभोवती जास्त मुलं उभी राहतात, त्यातली चारच हात घालतात आणि बाकीची मोबाइल बघतात. तुमचा मुलगा त्या चारांत असला पाहिजे. फायलिंग (कानशीने घासणं), व्हर्निअर आणि मायक्रोमीटरने मोजणं हे सुरुवातीचं काम मुलांना कंटाळवाणं वाटतं. पण सिलिंडर किती झिजलाय हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजता आलं नाही तर इंजिन उघडून उपयोग काय? शनिवार-रविवारी त्या मेस्त्रींकडे जरूर जाऊ द्या. त्यांच्याशी वाकडं घेऊ नका, उलट मुलाला तिथे मन लावून काम करू द्या. आयटीआय आणि गॅरेज दोन्ही एकाच वेळी चालली तर त्याच्याइतकी चांगली तयारी नाही.

मग अप्रेंटिसशिप. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार जिथे ३० किंवा जास्त माणसं कामाला आहेत अशा आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. म्हणजे मोठ्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे मुलगा गेला तर तो उपकार मागायला जात नाही, हे त्याच्या डोक्यात असू द्या. सरकारी पोर्टलवर करार नोंदवला जातो, ठरलेलं किमान विद्यावेतन मिळतं आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. करार न नोंदवता "ट्रेनी म्हणून ये, बघू" म्हणणाऱ्यांकडे पाठवू नका. आणि जिथे जाईल तिथे पहिल्याच दिवशी विचारायला सांगा, वर्षात मला कुठल्या कुठल्या बेवर (वर्कशॉपातल्या कामाच्या जागेवर) ठेवणार? काही ठिकाणी पोराला बारा महिने गाड्या धुवायला आणि ऑइल बदलायलाच लावतात. वॉशिंग पंधरा दिवस ठीक आहे. नंतर ब्रेक-सस्पेन्शन, मग इंजिन, मग इलेक्ट्रिकल असा फिरता क्रम मिळाला पाहिजे. मिळत नसेल तर आयटीआयच्या निदेशकांना जाऊन सांगायचं. ते मध्ये पडले की बऱ्याचदा फरक पडतो.

पैशाचं स्पष्ट बोलू. ही तीन वर्षं घरात फारसं काही येणार नाही, आणि त्यानंतरचा पहिला पगारही बेताचाच असेल. कॉमर्स करून दुकानात लागलेला त्याचा वर्गमित्र तेव्हा कदाचित त्याच्यापुढे असेल. नेमक्या याच काळात एक मोह येतो. कळंगुट, कांदोळी पट्ट्यात काळ्या पाटीच्या भाड्याच्या स्कूटर शेकड्यांनी आहेत, आणि सीझनमध्ये त्यांना पोरं हवी असतात. ब्रेक-शू, केबल, पंक्चर, ऑइल. रोजचे रोख पैसे, दुपारी चार वाजता मोकळे. मुलाला वाटतं, कमावता झालो. पण दोन मॉडेलच्या स्कूटरपलीकडे तो काही शिकत नाही, आणि जून लागला की काम आटतं. यात मला दुसरी बाजू दिसत नाही. चांगल्या हाताची मुलं तिथे वाया गेलेली पाहिली आहेत. सुट्टीत महिनाभर केलं तर गोष्ट वेगळी.

खऱ्या कामाला मात्र गोव्यात पावसाळ्यातही तोटा नाही. रस्त्यावरच्या पाण्यात गाडी घालतात, एअर-फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये जातं, पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, आणि मालक पुन्हा पुन्हा स्टार्टर मारून कनेक्टिंग रॉड वाकवून आणतो. तिकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मालीम, कुटबणच्या जेटीवर ट्रॉलरची इंजिनं उघडायचे दिवस. डिझेल इंजिन चांगलं कळणाऱ्याला तिथे बोलावणं येतं, आणि चवथीच्या आधी तर प्रत्येकाला गाडी ठाकठीक हवी असते.

भावोजींना सांगा, विजेच्या गाडीतही ब्रेक असतात, सस्पेन्शन असतं, स्टिअरिंग, व्हील बेअरिंग, एसी, टायर, आणि वायरिंग तर दुप्पट. जातं ते इंजिन ऑइल, क्लच, सायलेन्सर. म्हणजे नुसतं ऑइल बदलून पोट भरणाऱ्याला भीती आहे, हे त्यांचं बरोबर. पण वर सांगितलेली बॅटरी-फ्यूजची कसरत ज्याला येते त्याच्यासाठी ती गाडी परकी नाही. एक गोष्ट मात्र नव्याने आणि जपून शिकावी लागते. चारचाकीतली नारिंगी केबल काहीशे व्होल्टची असते. तिला हात लावण्याआधी हाय-व्होल्टेज सर्किट तोडायचं, ठरलेला वेळ थांबायचं, मीटरने शून्य बघायचं, हातात त्यासाठीचे खास रबरी मोजे. कंपनीचं ट्रेनिंग झाल्याशिवाय त्याने तिथे हात घालू नये, कितीही हुशार असला तरी.

सरकारी नोकरीचा मार्ग यातून बंद होत नाही, हे यजमानांना मुद्दाम सांगा. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेच्या, डेपोंत वर्कशॉप आहेत. नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटींची इंजिनं कुणीतरी दुरुस्त करतंच. त्यांच्या जाहिरातींवर नजर ठेवा. आयटीआयवर थांबला नाही आणि मेकॅनिकलचा डिप्लोमा केला तर आरटीओत मोटर वाहन निरीक्षकाच्या जागेसाठीही अर्ज करता येतो, त्या पदाला डिप्लोमा लागतो. पुढे शिकवायची आवड निर्माण झाली तर वर्षभराचं प्रशिक्षकांचं प्रशिक्षण करून माझ्यासारखं आयटीआयतही येता येतं. खासगीत वाट अशी आहे : टेक्निशियन, मग बिघाड शोधणारा सीनियर टेक्निशियन, मग फ्लोअर सुपरव्हायझर किंवा ग्राहकांशी बोलता येत असेल तर सर्व्हिस ॲडव्हायझर, वर्क्स मॅनेजर. चांगला हात आणि गोड जीभ एकत्र असलेली माणसं फार थोडी. तुमचा मुलगा दुकानात, बाजारात माणसांशी कसा बोलतो ते बघून ठेवा.

आखातात जायचं खूळ कधीतरी डोक्यात येईलच, गोव्यातलं पोर आहे. आलं तर अप्रेंटिसशिप आणि दोन-तीन वर्षांच्या अनुभवानंतरच, आणि ई-मायग्रेट या परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी असलेल्या एजंटामार्फतच. नोंदणीकृत एजंटाला ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर याहून जास्त शुल्क घेता येत नाही. लाख-दीड लाख मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

एक धोक्याची गोष्ट आईला सांगायला हवी. या कामात माणसं मरतात ती बहुधा नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरल्यामुळे. जॅक सटकतो. गाडी उचलली की आधी स्टँड लावायचा, मगच खाली जायचं, मेस्त्री कितीही ओरडला तरी. त्याला तुमची शपथ घालायची असेल तर या एकाच गोष्टीसाठी घाला. स्लिपरवर काम करणाऱ्या गॅरेजात जाणार असेल तर पायात बूट स्वतःचे न्यायला सांगा.

बाकी आता वेळ दवडू नका. दहावीच्या निकालानंतर आयटीआयचे अर्ज सुरू होतात आणि चांगल्या ट्रेडच्या जागा भरतात. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला हे तयार ठेवा. रहिवासी दाखल्यासाठी मामलेदार कचेरीत खेपा होतात, तो आधी काढा. प्रवेशाच्या दिवशी यजमानांना सोबत न्या आणि वर्कशॉप बघायला सांगा. ट्रकवाल्या माणसाला उघडं इंजिन दिसलं की तो आपोआप प्रश्न विचारायला लागतो. मुलगा अठराचा झाला की चारचाकीचं लायसन्स लगेच काढा, कारण लायसन्सशिवाय त्याला दुरुस्त केलेली गाडी रस्त्यावर चालवून बघता येत नाही आणि अर्धं शिक्षण तिथेच असतं.

आणि प्रवेश घेण्याआधी सरकारी इस्पितळात जाऊन त्याची रंगांची दृष्टी तपासून घ्या. लाल-हिरव्याचा गोंधळ होत असेल तर घरच्यांना अठराव्या वर्षापर्यंत पत्ता नसतो, आणि वायरिंगचा सगळा नकाशा रंगांवर चालतो. गोंधळ निघाला तर लगेच निराश होऊ नका. तो निकाल घेऊन आधी आयटीआयच्या निदेशकांना भेटा आणि मग अर्जात ट्रेडचा पहिला पसंतीक्रम भरा.